बेल्जियन कोचचा सत्कार

सत्काराची शिसारी येऊ शकते, हे मला नेदरलँड्समध्ये कळलं. पुण्यात शाल-श्रीफळाचे ढीगभर कार्यक्रम पाहिले, जांभया दिल्या, पण मळमळलं कधी नव्हतं.

आम्ही युट्रेख्टच्या कडेला राहतो. घराजवळच्या फुटबॉल क्लबात माझी लेक खेळते, मुलींच्या टीमची स्ट्रायकर. तिचा कोच बेल्जियन. तरुणपणी तोही स्ट्रायकरच, तिकडच्या पहिल्या डिव्हिजनमध्ये भरपूर गोल मारलेला. मग गुडघा गेला आणि तो कोच झाला. कोच म्हणून मात्र नशीब फुटकं. मोठ्या क्लबातून मधल्या, मधल्यातून किरकोळ, असा उतरत उतरत आमच्या पोरींपर्यंत आला होता.

इथे पालकांना आळीपाळीनं क्लबच्या कँटीनचं काउंटर सांभाळावं लागतं, सुटका नाही. एकदा माझी पाळी असताना तो कॉफी पिता पिता म्हणाला, "मला दरवेळी फोनवरच काढलं. एकदा तर टीमच्या बसमध्ये बसलो होतो." मी म्हटलं, इथे नाही हो काढणार कोणी. तो हसला. "इथूनही काढलं तर खाली फक्त गवत उरलंय."

पोरींचा त्याच्यावर भारी जीव. गोलकडे पाठ करून कसं उभं राहायचं, मागची डिफेंडर न बघता कशी ओळखायची, हे तो स्वतः लंगडत लंगडत करून दाखवायचा. आणि त्याचा एक नियम होता: प्रत्येक पोरीला सारखा वेळ खेळवणार. अगदी कच्च्यातल्या कच्च्या पोरीलासुद्धा. त्यामुळे टीम हरायची. पोरी हरूनही गाणी म्हणत परत यायच्या, आणि पालकांचा नुसता जळफळाट!

एका शनिवारी हरल्यावर पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पोल आला. कोच ठेवायचा की बदलायचा? मी 'ठेवायचा'वर बोट दाबलं. माझ्या नवऱ्यानं 'बदलायचा'वर.

"आपल्या मुलीला अर्धा वेळ बेंचवर बसवतो तो," नवरा म्हणाला. "पोटेन्शियल वाया जातंय तिचं."

पंधरा वर्षांची पोर, शनिवारी चिखलात खेळते, आणि हा तिचं ॲप्रेझल करतोय!

दुसऱ्याच दिवशी आमच्या मराठी मंडळाची दिवाळी. नवरा मंडळाचा सेक्रेटरी. आणि प्रमुख पाहुणा कोण? तोच कोच. गावातला नामांकित माजी खेळाडू म्हणून महिनाभर आधी नवऱ्यानंच आमंत्रण दिलेलं.

"अरे, काल त्याच्या पोटावर पाय दिलास आणि आज त्याला शाल घालणार? लाज वाटत नाही?"

"अगं, हॉल बुक आहे, बॅनर छापलाय. सत्कार वेगळा, परफॉर्मन्स वेगळा. उगाच मिक्स करू नकोस."

स्टेजवर नवऱ्यानं इंटरनेटवरून उतरवलेली त्याची अख्खी कारकीर्द वाचली. कुठून कुठून काढलं, तेवढं सफाईनं गाळलं. 'यशस्वी प्रशिक्षक' म्हणाला हो, मेला! टाळ्या पडल्या. कोच दोन्ही हातांत नारळ धरून लाजत उभा. कार्यक्रम संपल्यावर मी त्याला सगळं सांगायचं ठरवून गेले, तर तो बेल्जियममधल्या म्हाताऱ्या आईला व्हिडिओ कॉलवर शाल दाखवत होता. ती बाई तिकडून टाळ्या वाजवत होती. मी तशीच मागे फिरले.

त्या आठवड्यात पोलचा निकाल बघून क्लबनं त्याला काढलं. फोनवर.

लेक रडत घरी आली. "बाबा, तू पण मत दिलंस ना?" डचमध्ये ओरडली. बाबांनी लॅपटॉपमधून मान वर केली नाही. "बेटा, डेमोक्रॅटिक प्रोसेस होती ती." मला इतकी किळस आली, की त्या टेबलाशी बसून मला जेवण जाईना.

शनिवारी काउंटरवर माझी पाळी होती. नवरा समोर कॉफीसाठी उभा. तेवढ्यात कोच मैदानाच्या किल्ल्या परत द्यायला आला. ट्रॅकसूटवर आमची शाल, दोन्ही खांद्यांवर नीट घेतलेली. तो सरळ नवऱ्याकडे आला आणि त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला.

"सगळ्यांनी मला फोनवर काढलं," तो म्हणाला. "तुम्ही मात्र आधी बोलावलंत, शाल दिलीत, सगळ्यांसमोर टाळ्या वाजवून निरोप दिलात. तुमच्याकडे अशीच रीत असते ना? मला तेव्हा कळलंच नाही. परवा फोन आला, तेव्हा उलगडा झाला. आईलाही सांगितलं मी."

नवरा काहीही बोलू शकला असता. निदान गप्प बसू शकला असता. त्यानं हसून ती शाल थोपटली. "हो, हो. आमची संस्कृतीच आहे तशी."

नवऱ्यासाठी भरलेला कप मी त्याच्या डोळ्यांदेखत सिंकमध्ये ओतला, आणि कोचसाठी नवी कॉफी केली.