नाक्यावरची गाठवाली

दोन मुलखांच्या मधल्या तपासणी नाक्यावर माझी मावशी बावीस वर्षं ताडपत्र्या बांधत होती. तपासनीस ट्रक उघडायला लावत, माल बघत आणि चालू लागत. दोर पुन्हा आवळायचं काम मावशीचं. ड्रायव्हर तिला ‘गाठवाली’ म्हणत.

मग नवी योजना आली. गोदामातून निघतानाच ट्रकला सील ठोकायचं, वाटेत कुणी उघडायचं नाही. चार तासांचा खोळंबा वाचणार, व्यापार वाढणार. या योजनेच्या प्रचाराचं पथनाट्य लिहायला मिळालं कुणाला? मला! नाटक शिकून मिळालेलं पहिलं काम, तेही मावशीच्या पोटावर पाय देणारं. कहर म्हणजे तालमीला प्रेक्षक म्हणून मी बसवलं तिलाच.

“कसं वाटलं गं?”

“छान. फक्त तो तुझा ड्रायव्हर दोर बांधतोय की वेणी घालतोय?”

“मावशी, तुझं काम जाणार आहे.”

“कळलं की. एवढं बोंबलून सांगितलंस!”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ठरवलं, उद्घाटनाला मोठ्या साहेबांपुढे तिची बाजू मांडायची. भाषण पाठ केलं. आरशासमोर रडूनही बघितलं. माझा डावा डोळा जास्त चांगला वाहतो.

त्या दिवशी गोदामाच्या दारात पहिला सीलबंद ट्रक उभा होता. मी घसा खाकरला. “साहेब, या कष्टाळू हातांनी...”

“थांब गं जरा,” मावशी म्हणाली. “साहेब, सील कुठं लावलंय?”

“दोराची दोन्ही टोकं एकत्र करून. आता हात लावायची कुणाची बिशाद नाही!”

“आणि मधला दोर?”

मधला दोर ढिला होता. मावशीनं तो चार हुकांवरून फटाफट उतरवला, ताडपत्री उचलली, आतला साबणाचा खोका काढून साहेबांच्या हातात ठेवला आणि दोर पुन्हा होता तसा अडकवला. सील शाबूत.

साहेब खोका धरून उभेच. “हे... कुणालाही जमेल?”

“बावीस वर्षं लागत नाहीत त्याला. चोराला एक दुपार पुरे.”

सोमवारपासून मावशी गोदामात आहे. तिनं दोर आवळल्याशिवाय सील लागत नाही. बस दूरची पडते म्हणून रोज कुरकुरते.

माझं भाषण मात्र तसंच राहिलं. परवा तिलाच म्हणून दाखवलं, डाव्या डोळ्यासकट.

“बरं झालं, मी मधे बोलले,” ती म्हणाली. “हे ऐकून साहेबांनी टाळ्या वाजवल्या असत्या आणि मला घरी बसवलं असतं.”