मोहरीएवढी अफू

माझी थोरली जाऊ आणि मी सांगलीत तंबाखूच्या वखारीत कामाला जायचो. वडूजकडं पाऊस चुकत गेला, मेंढरं विकली आणि आम्ही इकडं आलो. स्वराज्य नुकतंच आलं होतं. जावेला मी अक्का म्हणायची. तिची पोरगी तेव्हा पालथी पडायला लागली होती.

वखारीत पोर आणायला ना नव्हती. पण ते रडलं आणि आई उठली, की मुकादम अर्धा रोज कापायचा. म्हणून बायका सकाळी मोहरीएवढी अफू दुधात उगाळून चाटवायच्या. पोर दिवसभर निजायचं. कुणालाच त्यात वावगं वाटत नसे.

त्या दिवशी पोरगी सारखी किरकिरत होती. अक्कानं जरा जास्त चाटवली. दुपारी पाजायला उचलली, तर मान लुळी पडली. ओठ काळेनिळे.

"आगं, ही डोळंच उघडंना!"

मी नाकाशी बोट धरलं. श्वास येत होता, थांबत होता, पुन्हा येत होता. अक्का दाराकडं धावली. मुकादम आडवा झाला.

"सुट्टी झाल्याबिगर दार उघडायचं न्हाई. माल चोरीला जातोय."

"आवं, पोर मरंल माजी!"

तो हलेना. तेव्हा कोपऱ्यातली एक म्हातारी उठली. तिच्यामागं सगळ्याच बायका उठल्या. मुकादमानं आमच्याकडं पाहिलं आणि अडसर काढला.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "काय दिलंत?" अक्का पोरीला छातीशी धरून मागं सरली. पोलिसात देतील याची तिला धास्ती.

"अफू," मी म्हणाले.

"हिला झोपू देऊ नका. तळव्यांवर टिचक्या मारत राहा."

आम्ही आळीपाळीनं मारत राहिलो. मध्येच छाती हलायची थांबे, डॉक्टर धावत येत. दिवेलागणीला ती रडली, कोकरासारखं बारीक.

"पुन्हा देऊ नका," डॉक्टर म्हणाले.

"मग काय करू? घरी बसले तर चूल पेटत न्हाई," अक्का म्हणाली.

डॉक्टरांनी पोरीची नाडी पुन्हा पाहिली. "सरकारनं कमीत कमी मजुरीचा कायदा केलाय, बाई. इथवर कधी पोचतो ते बघायचं."

आम्ही वाट बघितली नाही. दुसऱ्या दिवशी बायका वखारीबाहेरच बसल्या. रोज वाढवा, पाजायला सुट्टी द्या. मालक म्हणाला, आमच्याकडं असला हुकूम आलेला नाही. पण आत तंबाखूचा वाळून चुरा होत होता. शेवटी त्यानं रोज थोडा वाढवला, सुट्टीही दिली. वाढीतला थोडा भाग काढून आम्ही त्या म्हातारीला पोरं सांभाळायला बसवली. अक्काच्या घरातली अफू गेली. पोरगी उशिरा चालली, पण चालली.

सरकारी दर लागायला पुढं बराच काळ गेला. तोवर पलीकडच्या आळीतलं एक लेकरू निजलं, ते उठलंच नाही. त्याची आई दुसऱ्या वखारीत होती.