वळणावरचा फोटो

मोटारसायकल शर्यतीचे फोटो काढणारे आम्ही सगळे एकाच वळणावर गर्दी करतो, कारण गाड्या तिथेच घसरतात. जागा ओळखणं हे कसब, पुढचं सगळं नशीब. कुणाचं, हे मात्र कुणी विचारत नाही.

माझ्या स्टुडिओतल्या मोठ्या फोटोत गाडी आणि रायडर दोघंही हवेत आहेत, एकमेकांपासून सुटलेले. बघणारे माझ्या टायमिंगचं कौतुक करतात.

काल तो रायडरच कुबडी टेकत आला. फोटोसमोर बराच वेळ उभा राहिला.

“छान आलाय,” म्हणाला. मग, “दादा, याच्या आधीचा एखादा असेल का? मी गाडीवर बसलेला?”

नव्हता. तो नीट चालवत होता तोवर मी बटणावर नुसतं बोट ठेवून थांबलो होतो.