अठ्ठावन्न लिही

एम.ए.ला माझ्या प्रबंधाचा विषय होता ‘वार्धक्य आणि सामाजिक परिवर्तन’. तेव्हा मी बावीस वर्षांची होते आणि वार्धक्याबद्दल मला सगळं ठाऊक होतं. सत्तरच्या दशकातली गोष्ट. सोलापुरात अजून गिरणीच्या भोंग्यावर घड्याळं लावत. सात रस्त्याजवळच्या आमच्या घरातून सायकल काढायची, मागे प्रश्नावल्यांचा गठ्ठा बांधायचा आणि गिरणीमागच्या चाळींत जाऊन म्हाताऱ्या माणसांना प्रश्न विचारायचे, हे माझं काम. साठीच्या आसपासची आणि पुढची माणसं हवी होती. अडचण एवढीच, की कुणालाच आपलं वय धड माहीत नसायचं.

त्यावर माझ्या मार्गदर्शक सरांनी एक युक्ती शिकवली होती. दुष्काळ, साथी, सोलापुरातला तीस सालचा मार्शल लॉ अशा सगळ्यांना आठवणाऱ्या गोष्टींची यादी जवळ ठेवायची आणि तेव्हा तुम्ही काय करत होता, असं विचारायचं. पाळण्यात होता की ढोरं राखत होता, लग्न झालं होतं की व्हायचं होतं. त्यावरून वय काढायचं. मला याचा भारी नाद लागला. एखाद्याचं वय नेमकं पकडलं की कोडं सुटल्यासारखं वाटे.

ते आजोबा मला उन्हाळ्याच्या तोंडावर भेटले. सांगोल्याकडचे, मेंढरं राखणाऱ्या घरातले. तरुणपणी सोलापुरात येऊन गिरणीत मागावर लागले, ते अजून मागावरच होते. पहिली पाळी करून चाळीच्या ओट्यावर बसले होते. चार शेजारी जमले, कारण सायकलवरून कागद घेऊन आलेली मुलगी म्हणजे चाळीला फुकटची करमणूक. माझ्या प्रश्नावलीत एक प्रश्न मी स्वतः घातला होता आणि सरांनी त्याचं कौतुक केलं होतं: तव्यावरची पहिली भाकरी कोणाच्या ताटात पडते? आजोबा खुशीत म्हणाले, “माज्याच की. भोंग्याच्या आदी सून मला वाढती, मग बाकीची जेवत्यात.” मुलाला कायमचं काम नव्हतं, गिरणीत कुणी गैरहजर असलं तर बदलीवर बोलावत, नाहीतर तो घरीच. सगळं घर आजोबांच्या कामावर उभं होतं आणि घरात शब्दही त्यांचाच चाले.

वय विचारल्यावर ते म्हणाले, “अठ्ठावन्न लिही.” इतक्या झटपट वय सांगणारा म्हातारा मला पहिल्यांदाच भेटत होता. मला संशय आला. मी यादी काढली. एकोणीसशे अठराची इन्फ्लुएंझाची साथ आठवते का? आठवत होती. आई त्यातच गेली आणि तेव्हा ते माळावर एकटे मेंढरं घेऊन गेले होते. एकटं पोर मेंढरं नेतं म्हणजे आठ-नऊ वर्षांचं तरी असणारच. मी समासात आकडेमोड सुरू केली. आजोबांनी गुडघ्यावरचा हात जरासा उचलला, पंजा खाली दाबल्यासारखा केला आणि हळूच म्हणाले, “असू दे की पोरी. अठ्ठावन्न लिही.”

तो हात मला दिसला होता. मला काही कळलं नाही, असं मी पुढे कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आले. ते खोटं आहे. या माणसाला काहीतरी झाकायचंय एवढं नक्की कळलं होतं, आणि म्हणूनच मला चेव चढला. सगळ्या ओट्याला ऐकू जाईल असं मी म्हणाले, “अठ्ठावन्न कसले आजोबा? तुम्ही पासष्टचे आहात.”

लोक हसले. पासष्टचा घोडा म्हणून कुणीतरी त्यांच्या पाठीवर थाप मारली. मीही हसले. हसणाऱ्यांत त्यांच्याच खात्यातला एक जण होता. चेष्टा चाळीतून गिरणीच्या फाटकाशी गेली आणि तिथून कचेरीत. गिरणीत साठीला घरी बसवत. आजोबा कामाला लागले तेव्हा कुणा कारकुनानं अंदाजानं त्यांचं वय लिहिलं होतं आणि त्यांनी ते तसंच राहू दिलं होतं, एवढाच त्यांचा गुन्हा. आता कचेरीनं जन्माचा दाखला मागितला. माळावरच्या जन्माचा दाखला कुठून असणार?

हे सगळं मला त्यांच्या सुनेकडून कळलं. पत्ता विचारत विचारत ती आमच्या घरी आली आणि दारातच उभी राहिली. आईनं बस म्हटलं तरी बसली नाही. मला म्हणाली, “ताई, तुमी एवढं लिवून द्या की, मोजण्यात चूक झाली म्हनून. तुमी शिकलेल्या, तुमचं ऐकत्याल. त्यांचं काम गेलं तर आमच्यात दुसरं कोन न्हाय.”

एक चिठ्ठी. दोन ओळींची. आणि ती खोटीही झाली नसती, कारण माझा आकडा अंदाजच होता. पण मला माझ्या प्रबंधाची भीती वाटली. एक वय चुकलं असं लिहून दिलं तर बाकीच्या वयांवर कोण विश्वास ठेवणार? मी तिला गंभीरपणे सांगितलं, की संशोधनातली माहिती गुप्त ठेवावी लागते, असं काही लिहून देता येत नाही. भर ओट्यावर ओरडून सांगितलेली माहिती! सुनेनं ऐकून घेतलं, आईनं दिलेलं पाणी प्यायली आणि उन्हातच परत गेली. पुढच्याच महिन्यात गिरणीनं आजोबांना घरी बसवलं.

दिवाळीनंतर त्याच घरांत दुसरी फेरी करायची होती. ते घर गाळावं असं फार वाटलं, पण एक घर कमी पडलं असतं. म्हणून गेले, आजोबांची काळजी म्हणून नव्हे. ते त्याच ओट्यावर बसले होते, पाळीच्या वेळेला. मुलगा आता अडत बाजारात हमालीला जात होता. पहिल्या भाकरीचा प्रश्न मी गाळूनच पुढे गेले, तर त्यांनीच आठवण केली. “ती पोराला. कामावर जानाऱ्याला आदी घालाया पायजे की.” नातीची सोयरीक ठरली होती. ठरवताना तुम्हाला विचारलं का, असं मी विचारलं. ते म्हणाले, “सांगितलं की मला.”

शेवटी वयाचा रकाना राहिला. मी खाली बघतच विचारलं, “वय?”

“तू सांगशील ते लिही,” आजोबा म्हणाले.

त्यात राग नव्हता. चार शिव्या दिल्या असत्या तर मी त्या घेऊन घरी गेले असते. मी पासष्ट लिहिलं.

सरांना ते घर सगळ्यांत आवडलं. आठ महिन्यांत कुटुंबातलं वृद्धाचं स्थान कसं ढासळतं, याचं इतकं स्पष्ट उदाहरण त्यांनी पाहिलं नव्हतं. त्यावर मी वेगळं प्रकरण लिहिलं. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं तेच पान उघडलं आणि विचारलं, की या गृहस्थांचं स्थान इतक्या लवकर ढासळण्याचं मुख्य कारण तुमच्या मते काय?

मी म्हणाले, “सामाजिक परिवर्तन.”

त्यांनी मान डोलावली आणि पान उलटलं.