माईक चालूच राहिला

उज्वलाबाईंचा आवाज निम्म्या नाशकाने ऐकलेला, चेहरा मात्र फारसा कुणाला ठाऊक नाही. तीस वर्षं एसटीच्या स्टँडवर काचेच्या खोलीत बसून त्या सांगायच्या, सुरगाण्याची गाडी कुठल्या फलाटाला लागली, मालेगावची कितीला सुटणार. निवृत्त झाल्या आणि दोन महिन्यांत कंटाळल्या. भिंतींशी तरी किती बोलणार?

मग त्यांनी रेडिओ काढला. हो, स्वतःचा. ना सरकारी, ना कुठल्या शेठजीचा. मोबाईल दुरुस्तीवाल्याकडे आठ दिवस बसून सगळं शिकून घेतलं, माईक आणला, इंदिरानगरातल्या फ्लॅटच्या मागच्या खोलीत आवाज घुमू नये म्हणून दारा-खिडक्यांना गोधड्या टांगल्या, आणि दर रविवारी दुपारी चार वाजता ‘तुमचं म्हणणं’ सुरू झालं. ज्याला ऐकायचं त्याने मोबाईलवर ऐकावं. शेजारणीला तेवढं बजावून ठेवलेलं, चार ते पाच कुकर लावायचा नाही.

पाहुणे कोण? तर ज्यांना घरचेसुद्धा दोन मिनिटांत गप्प करतात असे. शाळेत परीक्षाच नकोत म्हणणारे मास्तर आले. पृथ्वी सपाट आहे म्हणणारा अंबडच्या कारखान्यातला फिटर आला. बाईंनी त्याला पाऊण तास बोलू दिलं आणि मग विचारलं, “अहो, मग आमची सुरगाण्याची गाडी घाटात धापा का टाकायची?” तो म्हणाला, घाट वेगळा, पृथ्वी वेगळी. बाई म्हणाल्या, बरं.

नियम मात्र एकच, आणि तो कडक. समोरच्याचं म्हणणं आधी त्याला पटेल असं सांगायचं. तो “हो, हेच” म्हणाला, की मग खुशाल खोडा. स्टँडवर अधूनमधून चौकशीच्या खिडकीतही बसावं लागे, हे शहाणपण तिथलं. माणूस भांडायला आला की बाई म्हणायच्या, “म्हणजे पेठची गाडी दीड तास नाही, आणि लेकरू भुकेलंय, असंच ना?” एवढ्यावर निम्मं भांडण खाली बसायचं. गाडी काही त्याने लवकर यायची नाही, ते सोडा.

तर दसऱ्याच्या सुमारास बाईंनी सावळीरामला बोलवायचं ठरवलं. गोदावरीच्या खालच्या अंगाला निफाडकडच्या एका गावातला हा शेतकरी. बायको वारली तेव्हा त्याने तिच्या अस्थी रामकुंडात सोडल्या नाहीत, बांधावरच्या जांभळीखाली पुरल्या. गावाने नावं ठेवली, भावकी जेवायला यायची बंद झाली.

आता बाईंचा थोरला भाऊ ढुंढिराज हा रामकुंडावरचा उपाध्याय. येणाऱ्या यजमानांच्या अस्थी पाण्यात सोडण्याचा विधी करण्यात त्याची पन्नास वर्षं गेलेली. त्याला कळलं तसा त्याने फोन केला.

“उजे, त्या माणसाला बोलवू नकोस.”

“दादा, तो बोलेल, मग दुसरा कुणी खोडेल.”

“बापजाद्यांचं काम आहे ते. चव्हाट्यावर घालणार असशील, तर यंदा भाऊबीजेला मी तुझ्या दारात येणार नाही.”

फोन बंद. साठीच्या बाईला भाऊबीजेचं काय एवढं, असं म्हणणाऱ्याने उज्वलाबाईंना त्या दिवशी पाहायला हवं होतं. नवरा जाऊन बारा वर्षं झालेली, मूलबाळ नाही, माहेर म्हणून उरलेला हा एकच माणूस. ओला रुमाल वाळत घालायचा सोडून त्यांनी घडी करून कपाटात ठेवला. पण सावळीरामला ‘या’ म्हणून झालं होतं. सुटलेली गाडी फलाटाला परत बोलवायची बाईंना सवय नव्हती.

सावळीराम आला, छान बोलला. पाच वाजले. बाईंनी माईकवरचं बोट उचललं. इथेच घात झाला. स्टँडवरचा माईक बटण दाबून ठेवलं तरच चालतो, बोट उचललं की बंद. घरचा माईक तसा नव्हता; त्याचा खटका मुद्दाम पाडावा लागतो. वर्षभर बाईंना ते आठवलं होतं. त्या दिवशी मन ठिकाणावर नव्हतं, हाताने तीस वर्षांचं वळण घेतलं.

“काका,” बाई म्हणाल्या, “आता आपलं आपलं बोलते. तुमचं निम्मं मला पटलं. उरलेलं खोडायला माझा दादाच हवा होता. त्याच्याएवढं यातलं पंचवटीत कुणाला कळत नाही. तीनदा फोन उचलला आणि ठेवला. भाऊबीज तर गेलीच, वर ‘कोण उज्वला?’ म्हणाला तर? जगाला सांगते समोरासमोर बसा, आणि सख्ख्या भावाला भिते.”

सावळीराम जरा पुढे वाकला. “ताई, त्यो तांबडा दिवा आजून पेटलेलाच हाय.”

सहाशे माणसांनी ते ऐकलं. पंचवटीत श्यामलावहिनींनीही ऐकलं. स्वयंपाकघरात मोबाईल मोठ्याने लावला होता, आणि बाहेरच्या खोलीत ढुंढिराज तासभर पेपरचं एकच पान वाचत बसला होता.

आठवडाभर लोकांनी बाईंना काय काय लिहिलं. कुणी धीर दिला, कुणी दुकान बंद करा म्हणून बजावलं. शनिवारी वहिनींचा फोन आला. “उद्या चारला हे येतायत. त्या पाहुण्यालाही बोलव. आणि चहात साखर घालू नकोस, डॉक्टरांनी सोडायला सांगितलीय.”

ढुंढिराज आला तो काखेत जाडजूड वही घेऊन. बहिणीकडे पाहिलंही नाही. माईक चालू झाला, नियम सांगून झाला.

“हा म्हणतो, नदी म्हणजे गटार.”

“आसं म्या कवाच म्हनलो नाय, गुरुजी.”

“हा म्हणतो, अस्थी सोडणं अडाणीपणाचं.”

“त्येबी नाय.”

ढुंढिराजाने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. बाईंनी मदत केली नाही. नियम तो नियम, भाऊ असला म्हणून काय झालं.

“हा म्हणतो,” ढुंढिराज हळू बोलला, “वर आम्ही सोडतो ते खाली यांच्या काठाला लागतं. राख, हार, पिशव्या. आपल्या माणसाचा भार दुसऱ्याच्या गावावर कशाला, म्हणून याने बायकोला आपल्या बांधावरच ठेवलं. तिनेच लावलेल्या जांभळीखाली.”

“हां,” सावळीराम म्हणाला. “ह्येच.” आणि मग त्याला थोडं खोकावं लागलं.

“आता माझं ऐक. बांध उद्या विकला जाईल. रस्ता येईल, जांभूळ तुटेल. मग तुझ्या नातवाने आजीला कुठे शोधायचं? नदी तरी तिथंच असते.”

आता पाळी सावळीरामची. “गुरुजींचं म्हननं आसं, की झाड मरतं. पोरांना आजी घावली पायजे.”

“हेच.”

मग ढुंढिराजाने वही उघडली. आलेल्या यजमानांची गावं, घराणी, नावं उपाध्याय पिढ्यान्‌पिढ्या लिहून ठेवतात, ती वही. एका पानावर सावळीरामच्या आजोबांचा अंगठा होता, खाली त्याच्या वडिलांची वाकडीतिकडी सही. सावळीराम त्या सहीवरून बोट फिरवत राहिला. बाईंनी शांतता तशीच जाऊ दिली. ऐकणाऱ्यांना वाटलं रेंज गेली.

“हिचं नाव काय होतं?” ढुंढिराजाने विचारलं.

“कुसाबाई. लिवा, गुरुजी. पन ‘जांभळीखाली’ आसं बी लिवा.”

पेन बराच वेळ हवेत राहिलं. मग कागदावर टेकलं. “लिहिलं. मला पटलेलं नाही, हे सगळ्यांनी ऐकून ठेवा,” ढुंढिराज माईकमध्ये जरा जास्तच मोठ्याने म्हणाला, वही काखेत मारली आणि चहा न घेताच निघून गेला. भाऊबीजेचं अवाक्षर नाही.

भाऊबीजेला उज्वलाबाईंनी सकाळीच पाट मांडला, त्याभोवती रांगोळी काढली. दुपार गेली, तबकातली सुपारी तीनदा सरळ करून झाली. पाच वाजता बेल वाजली.

ढुंढिराज पाटावर बसला, टोपी नीट केली. बाईंनी निरांजन उचललं तसा तो मागच्या खोलीकडे बघत म्हणाला, “थांब. तुझं ते यंत्र बंद आहे ना?”

बाई आत गेल्या, वायर उपटून आणली आणि त्याच्या हातात ठेवली. त्याने ती गुंडाळून पाटाखाली सरकवली आणि ओवाळून घ्यायला मान पुढे केली.

“आणि हे बघ, उजे,” तो म्हणाला, “त्या सपाट पृथ्वीवाल्याला एकदा माझ्यासमोर बसव.”