पेटीतला उभा कागद

बातमी आली तेव्हा मी पिंपळगावच्या आमच्या पॅकहाउसमध्ये द्राक्षांच्या पेट्या तपासत होते. “शुभदा गेली...” तिचा भाऊ फोनवर एवढंच म्हणाला. आजार माहीत होता, तरी मी त्याच्यावरच खेकसले, “काहीतरीच काय बोलतोस!” खरं तर मला शुभदाचा राग आला होता. ऐन हंगामात कुणी असं जातं का?

शुभदा माझी नाशिकच्या कॉलेजातली मैत्रीण. माणसं काम करताना कुठे आणि का चुकतात हे शोधणं, हा तिचा व्यवसाय. तिच्या लॅपटॉपवरच्या सॉफ्टवेअरमध्ये एखादं काम घातलं, की त्याचे बारीकसारीक टप्पे झाडाच्या फांद्यांसारखे पसरत जायचे. “चहाचं झाड दाखव की,” मी चिडवायचे. ती खरंच दाखवायची, वर “तू साखर उशिरा घालतेस” असंही सुनावायची.

मी तिला पॅकहाउसवर बोलावलं ते संकटात. परदेशी गेलेल्या काही पेट्यांतल्या द्राक्षांना बुरशी लागली होती. बुरशी रोखणारा गंधकाचा कागद त्यांत घालायचाच राहिला होता. आमचे मालक अण्णा भडकले. पॅकिंगच्या सगळ्या बायका काढून नव्या आणायच्या, असं जवळजवळ ठरलंच. त्यांच्यातल्या मंदाबाई माझा हात धरून म्हणाल्या, “ताई, आम्ही कागद घालतोच. मंग ऱ्हातो कसा, देवालाच ठावं.”

सुपरवायझरने सांगितलं तसं शुभदाने पॅकिंगचं झाड काढलं. त्यात कुठेच खोट दिसेना. अण्णांना तेवढंच हवं होतं. “बघा, तुमचा कॉम्प्युटरच म्हणतोय, बायकांचीच चूक हाय!” शुभदा हट्टी. “मी त्याला जे सांगितलं, तेच तो मला सांगतोय, अण्णा. आता मला काम बघू द्या.” बायकांना विचारून तिने त्यांच्या कामाचं चित्रीकरण केलं आणि एकेक हालचाल सॉफ्टवेअरमध्ये त्या त्या फांदीशी जोडत बसली. मध्येच पडद्यावरच्या टेबलाभोवती कुणीच उरलं नाही! बाहेर टेम्पोने हॉर्न दिला होता. आमच्याकडची रीतच अशी, की हॉर्न वाजला की हातातलं टाकून सगळ्यांनी क्रेट उतरवायला धावायचं, माल उन्हात राहता कामा नये. परतल्यावर समोर भरलेली पेटी. कागद घातलाय असं वाटून हात सरळ झाकणाकडे जायचा. शुभदा खुर्चीतून उठून अक्षरशः नाचली. “अगं, या झाडाला हॉर्नची फांदीच नाही!”

तोडगा तिने स्वतःच्या स्वयंपाकघरातून आणला. भाजीत मीठ घालायचं राहिलं आणि दाराची बेल वाजली, तर ती मिठाचा चमचा झाकणावर ठेवून जायची. तसंच इथे, द्राक्षांवर आडवा पसरायचा कागद राहिला असेल तर उठताना तो पेटीत उभा खोचायचा. पुढच्या हंगामात बुरशीची एकही तक्रार आली नाही, आणि एकाही बाईचं काम गेलं नाही. अण्णांनी स्वतःच्या हाताने पेढे वाटले. शुभदाने दोन खाल्ले आणि तिसरा मागितला!

परवा टेम्पोचा हॉर्न वाजला. बायका धावल्या आणि मागे टेबलावर राहिले पेट्यांतले उभे कागद... यंदाच कामाला लागलेल्या सुमनबाईंनी शुभदाला कधी पाहिलेलंही नाही. त्यांच्याही पेटीत कागद उभा. त्या परतल्यावर मी विचारलं, “हे कुणी शिकवलं हो?”

“त्यात काय शिकवायचं? असंच करत्यात की.”

“जिंकलीस गं, शुभदे!” मी मोठ्याने म्हणाले. सुमनबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. मग त्यांनी कागद आडवा घातला आणि पेटी बंद केली.