गाळपेरीतले एकतीस चमचे

हिवाळा लागला की आमच्या घरातला रविवार माझ्या हातून जातो. सकाळी सहाला, बोटं आखडवणाऱ्या थंडीत मी स्कूटी काढते, गळ्यात दुर्बीण घालून आमचे हे मागे बसतात आणि आम्ही उंद्रीबाहेरच्या धरणावर पक्षी मोजायला जातो. मोजतात ते. मी वहीत लिहिते, कुडकुडते आणि मनातल्या मनात त्यांच्या मित्राचा उद्धार करते.

हा मित्र कोकणातला. नोकरीत असताना ह्यांची चार वर्षं समुद्राकाठी बदली झाली होती. तिथे खाडीवर उभं राहून दोघांनी हे वेड लावून घेतलं. निवृत्तीनंतर हे गावी परतले ते वेड सोबत घेऊनच. आता हिवाळाभर दर रविवारी दुपारी फोन होतो. तो सांगतो, आज खाडीवर कुरव इतके, तुतवार इतके. हे सांगतात, आमच्या धरणावर चक्रवाक इतके, थापट्या इतके. सत्तरीला टेकलेली दोन माणसं बदकांवरून इरेला पेटतात आणि माझं जेवण वाढून थंड होतं.

तेही मी सोसलं असतं. जीव जातो तो ह्यांच्या डोळ्यांवरून. खामगावच्या डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, आता टाळू नका. हे म्हणाले, पक्षी गेले की करू. पक्षी गेले तर उन्हाळा आला, आणि उन्हाळ्यात म्हणे डोळ्यांत घाम जातो. पावसाळ्यात जंतू असतात. तेवढ्यात पुन्हा पक्षी हजर. खरं कारण मला ठाऊक आहे. थोरल्या दिरांचं ऑपरेशन झालं होतं आणि डोळा बरा व्हायच्या आत ते विहिरीत पोहायला उतरले. डोळा गेला. चूक दिरांची, धसका ह्यांनी डॉक्टरचा घेतलाय. सांगून सांगून माझं तोंड दुखलं.

परवाच्या रविवारचं सांगते. पौषात धरणाचं पाणी मागे सरतं. उघड्या पडलेल्या गाळात गावातली माणसं हरभरा पेरतात, त्याला आम्ही गाळपेर म्हणतो. रोही, म्हणजे नीलगाई, शिरू नयेत म्हणून त्यात काठ्या रोवून खताच्या रिकाम्या पांढऱ्या थैल्या बांधतात. वारा आला की थैल्या हलतात, रोही बिचकतात. हे इथे लहान पोरालाही माहीत असतं.

मी नेहमीप्रमाणे बांधावर बसले होते, उन्हाकडे तोंड आणि पाण्याकडे पाठ करून, मांडीवर वही. हे आकडे सांगत होते, मी लिहीत होते. मग ते म्हणाले, चमचे, एकतीस. चमचा म्हणजे पळीसारख्या चोचीचा मोठा पांढरा पक्षी, एवढं ऐकून ऐकून मला पाठ झालेलं. गेल्या हिवाळ्यात ह्यांनी अकरा सांगितले होते तर कोकणवाल्याने फोनवर वा वा केली होती आणि त्या वा वावर ह्यांचे दोन महिने गेले होते. आता एकतीस. आनंदाने त्यांचा आवाज चढला होता. एवढं नवल आहे तरी काय म्हणून मी पहिल्यांदा मागे वळले.

गाळपेरीत थैल्या हलत होत्या. दुसरं पांढरं काही म्हणता काही नव्हतं.

"ते चमचे नाहीत," मी म्हटलं. "खताच्या थैल्या हायेत."

त्यांनी दुर्बिणीचं चाक फिरवलं, पुन्हा फिरवलं, मग दुर्बीण खाली घेतली. एवढ्यावर मी गप्प बसायला हवं होतं. पण दोन वर्षांचं साचलेलं होतं, सगळं बाहेर पडलं. डॉक्टर, दीर, परवा सांडलेलं दूध, रस्त्यात न दिसलेली म्हैस, कोकणवाला. माझं संपल्यावर त्यांनी विचारलं, "मंग गेल्या साली होते का? ते अकरा तरी?"

अकरा हा आकडा मीच लिहिला होता, तारखेसकट, माझ्या चांगल्या अक्षरात. लिहिताना माझं तोंड उन्हाकडे होतं.

"मले नाही माहीत," मी म्हटलं. "मी पाह्यलंच नाही."

"मंग दोघायलेबी दिसलं नाही," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं, कारण मग मलाही चिडता आलं असतं. मला लाज वाटली.

मी उठून त्यांच्या शेजारी जाऊन बसले, पाण्याकडे तोंड करून. त्यांनी विचारलं, पाण्यात काय आहे. मला नावं कुठे येतात? मी दिसलं तसं सांगत गेले, मोठी बदकं आहेत, भगवी, डोकं फिकट, जोडीजोडीनं बसलीत. चक्रवाक, ते हळूच म्हणाले आणि माझ्या बोटाच्या दिशेने बघत राहिले.

"उद्या डॉक्टरले फोन लाव," थोड्या वेळाने ते म्हणाले. "तवर तू सांगत जाय."